निवृत्तिवेतनाच्या तडजोडीला आमची संमती कोणी घेतली होती?

सातवी_ब

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत विषय शिक्षक आहे. माझी नेमणूक २००८ सालची, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ या तारखेनंतरची. त्या तारखेपूर्वी रुजू झालेल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२, म्हणजे जुनी योजना, आणि नंतरच्यांना वेतनातील कपातीवर आधारलेल्या योजना, आधी डीसीपीएस (परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना), पुढे एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना), हा पंक्तिप्रपंच येथील बहुतेकांना पाठ असेल, म्हणून त्यात शिरत नाही. माझी तक्रार शासनाविषयी कमी आणि आमच्याच संघटनेविषयी अधिक आहे. ती मांडताना संकोचही वाटतो, कारण ज्यांच्याविषयी मी लिहितो आहे त्यांतील दोघांनी माझ्या बदलीच्या वेळी माझ्यासाठी जिल्हा परिषदेचे उंबरठे झिजवले होते.

१४ मार्च २०२३ रोजी राज्यातील सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा आम्ही गावोगावच्या पारावर जाऊन दिली, पालकांना समजावून सांगितले, कारणे दाखवा नोटिसा हातात घेतल्या. मेस्माचे, म्हणजे अत्यावश्यक सेवांतील संपाला मनाई करता येणाऱ्या कायद्याचे, विधेयक त्याच दिवसांत विधिमंडळात मंजूर झाले, तरी आमच्या शाळांच्या केंद्रातील एकाही शिक्षकाने हजेरीपटावर सही केली नाही. २० मार्चला, सोमवारी, कर्मचारी संघटनांच्या समन्वय समितीची मुख्यमंत्र्यांशी चर्चा झाली आणि संप मागे घेतल्याचे आम्हाला दूरचित्रवाणीवरच्या बातमीतून समजले. हाती काय आले, तर जुन्या निवृत्तिवेतनाइतकी आर्थिक आणि सामाजिक सुरक्षितता देण्याचे तत्त्व शासनाला मान्य आहे, एवढे आश्वासन आणि निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची त्रिसदस्य समिती. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा संपाची हाक आली आणि पुन्हा आश्वासनावर तो आवरता घेतला गेला. १ मार्च २०२४ रोजी सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेची विधानसभेत घोषणा झाली, त्यात शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतन, त्यावर महागाई भत्ता आणि त्याच्या ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन, असे सूत्र आले. पुढे २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने यूपीएस (एकीकृत निवृत्तिवेतन योजना) मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली.

आमच्या नेत्यांनी या सर्व प्रवासाचा उल्लेख जिल्हा अधिवेशनात ‘नव्वद टक्के विजय’ असा केला. उरलेल्या दहा टक्क्यांत काय आहे, हे मी तेथेच उभे राहून विचारले. जुन्या योजनेत वेतनातून निवृत्तिवेतनासाठी एक पैसाही कापला जात नाही. भविष्य निर्वाह निधीत जाते ती आपलीच बचत असते आणि व्याजासह आपल्यालाच मिळते. नव्या व्यवस्थेत मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १० टक्के रक्कम दरमहा जाते. मूळ वेतन ६० हजार आणि महागाई भत्ता ५० टक्के धरला, तर ही कपात महिन्याला ९ हजार रुपये होते. ही कपात आयुष्यभर सोसून शेवटी जे ५० टक्के मिळणार, ते आणि विनाकपात मिळणारे ५० टक्के यांना एकच म्हणणे हा गणिताचा कोणता प्रकार, असे मी सातवीच्या मुलांना शिकवू शकणार नाही. जुन्या योजनेत निवृत्तिवेतनाचा काही भाग एकरकमी विकण्याची, म्हणजे अंशराशीकरणाची सोय आहे. तिचे पुढे काय, या प्रश्नाला व्यासपीठावरून ‘सर, जेवणाची वेळ झाली आहे’ असे उत्तर मिळाले. खोटे नाही सांगत.

मला अधिक बोचते ते वेगळेच. संपापूर्वी आमच्या तालुका शाखेने जो ठराव केला, त्यात ‘जुनी निवृत्तिवेतन योजना जशीच्या तशी’ असे शब्द होते. ते बदलण्याचा ठराव कोणत्याही सभेत झालेला नाही. शिवाय आमच्या जिल्ह्यातून चर्चेच्या दिवशी मुंबईत असलेले पदाधिकारी एक तर निवृत्त आहेत किंवा २००५ पूर्वीचे आहेत, म्हणजे तडजोड झाली काय किंवा न झाली काय, त्यांच्या स्वतःच्या ताटातले काही कमी होणार नव्हते. त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण दुसऱ्याच्या आयुष्याच्या शिदोरीवर तडजोड करताना निदान त्या दुसऱ्याला विचारावे, ही अपेक्षा अवाजवी आहे का?

आमच्या तालुक्यातील वीसेक शिक्षकांनी वर्गणी देणे बंद केले आहे आणि मलाही तसा आग्रह होतो आहे. मागणी खाली आणण्याचा अधिकार नेतृत्वाला आपोआप असतो का, नसल्यास सभासदाने ते कोठे आणि कसे मांडावे, आणि वर्गणी थांबवणे हा योग्य मार्ग आहे का, याविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे.

---

निवृत्त_हेडमास्तर

सर, आपले पत्र दोनदा वाचले. मी स्वतः जुने निवृत्तिवेतन घेणारा आहे, तेव्हा आपल्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदातील टोला मलाही लागतो आणि तो लागावा असाच आहे. तरीही काही वर्षे जिल्हा कार्यकारिणीत काढलेली असल्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने काय दिसते, ते सांगणे मला भाग आहे.

मी नोकरीला नुकताच लागलो होतो तेव्हा, १९७७-७८ साली, राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप झाला. र. ग. कर्णिक यांचे नेतृत्व होते आणि केंद्राच्या दराने महागाई भत्ता ही मुख्य मागणी होती. आज त्या ५४ दिवसांचा उल्लेख सर्व सभांत अभिमानाने होतो, पण ते दिवस घरात कसे गेले ते सांगणारे आता फारसे उरलेले नाहीत. दुसऱ्या महिन्याचा पगार नाही, किराणा दुकानदार उधारीची वही मिटून ठेवतो, आणि शेजारचा कारकून पहाटे मागच्या दाराने कचेरीत जाऊन आल्याची कुजबुज सुरू होते. नेत्याला सर्वांत आधी ऐकावी लागते ती ही कुजबुज. संप किती दिवस चालला ते जगाला दिसते, तो आणखी किती दिवस चालू शकतो याचा अंदाज मात्र ज्याच्या हाती सूत्रे असतात त्यालाच घ्यावा लागतो, आणि तो अंदाज त्याला बोलूनही दाखवता येत नाही, कारण बोलून दाखवला की संप तेथेच संपतो. मुंबईतल्या गिरण्यांचा संप जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाला आणि रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. कोणीच माघार न घेतल्याची किंमत कोणी चुकवली, हे गिरणगावात विचारावे.

मार्च २०२३ मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या, रुग्णालयांतून परिचारिका बाहेर होत्या आणि लोकांची सहानुभूती दिवसागणिक आटत होती. संपाच्या उंबरठ्यावरच शिक्षकांच्या काही गटांनी माघार घेतली होती, हेही विसरू नये. आपल्या केंद्रात एकही सही झाली नाही, हे आपले भाग्य. सर्व जिल्ह्यांतून तसेच निरोप येत होते, असे समजू नका.

आता हाती काय आले त्याविषयी. ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने एनपीएसधारकांना कुटुंब निवृत्तिवेतन, रुग्णता निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) लागू झाले. त्यापूर्वी सेवेच्या पहिल्या दहा वर्षांत कर्मचारी मरण पावला तर वारसांना १० लाख रुपये देण्याचा २०१८ चा निर्णय होता, बाकी त्या खात्यात जमलेली रक्कम. माझ्या हाताखाली काम केलेला एक तरुण शिक्षक २०१६ साली अपघातात गेला. त्याच्या पत्नीचे कागद घेऊन मी वेतन पथकाच्या कार्यालयात किती वेळा गेलो, याची गणती नाही. तिला जेव्हा कुटुंब निवृत्तिवेतनाविषयी समजले तेव्हा तिने मला पहिला फोन केला. तिला ‘ही तडजोड आहे, घेऊ नकोस’ असे मी सांगू शकलो असतो का?

राहिली गोष्ट पूर्ण जुन्या योजनेची. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश यांनी ती परत आणण्याचे निर्णय घेतले. पण एनपीएसमध्ये साचलेले पैसे राज्यांना परत देण्याची कायद्यात तरतूद नाही, अशी भूमिका पीएफआरडीएने, म्हणजे एनपीएसच्या नियामक प्राधिकरणाने, आणि केंद्राने घेतली. राज्याने उद्या होय म्हटले तरी हा गुंता आहेच, आणि चर्चेला बसलेल्यांना तो समोर दिसत होता.

एक चूक मात्र मी मान्य करतो. परत येऊन पेढे वाटायला नको होते. ‘इतकेच मिळवू शकलो, बाकीचे राहिले’ असे सांगितले असते, तर आज आपण वर्गणी थांबवण्याच्या गोष्टी करत नसता.

---

टप्पा_अनुदान

आपण दोघांनीही फार समजुतीने लिहिले आहे, म्हणून माझा सूर कडू वाटल्यास आधीच क्षमा मागते. तडजोडीत किती सोडले याचा वाद, ज्यांच्यासाठी काही मागितले गेले त्यांच्यात होऊ शकतो. माझ्यासारख्यांचे नाव मागणीपत्रात शेवटच्या पानावर ‘इतर’ या शीर्षकाखाली असते.

मी खासगी माध्यमिक शाळेत २००३ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी रुजू झाले. म्हणजे १ नोव्हेंबर २००५ च्या आधी. वैयक्तिक मान्यता आहे, सेवापुस्तक आहे, सर्व काही आहे. परंतु त्या दिवशी आमची शाळा १०० टक्के अनुदानावर नव्हती. ते अनुदान टप्प्याटप्प्याने येत २०१४ साली पूर्ण झाले. तेव्हा शासनाच्या लेखी माझी नेमणूक आधीची, पण निवृत्तिवेतन नंतरच्यांचे. त्याच गावातल्या, त्याच वर्षी लागलेल्या आणि अनुदानित शाळेत असलेल्या माझ्या मैत्रिणीला १९८२ चे नियम लागू आहेत. अनुदान उशिरा देणारे शासन, आणि त्या उशिराची शिक्षा भोगणारे आम्ही. राज्यभर असे हजारो शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढत आहेत.

आता हे ५० टक्क्यांचे सूत्र माझ्या बाबतीत लावून पाहा. केंद्राच्या यूपीएसमध्ये पूर्ण ५० टक्क्यांसाठी २५ वर्षांची सेवा लागते, त्याहून कमी असल्यास त्या प्रमाणात. आमचे निवृत्तीचे वय ५८. पूर्ण अनुदानापासून सेवा मोजायची म्हटले, तर माझी २२ वर्षे भरतात. बिनपगारी आणि अर्ध्या पगाराची जी अकरा वर्षे मी त्याच फळ्यासमोर उभी होते, ती हवेत विरली. ज्यांनी ‘५० टक्के मिळाले’ म्हणून सांगितले, त्यांनी सेवेच्या वर्षांचा मुद्दा कोणासाठी किती जड आहे, याची चर्चा एका तरी सभेत केली का? आमच्या जिल्ह्यात तरी नाही.

निवृत्त सरांनी कुटुंब निवृत्तिवेतनाविषयी जे लिहिले आहे, ते मी मनापासून मानते. त्या बाईंच्या हाती पडलेला पैसा हा पैसाच आहे. पण ज्या पद्धतीने एकेका गटाला वेगळे काढून एकेक घास भरवला गेला, तिच्याकडेही पाहावे. ४ जानेवारी २०२४ रोजी मंत्रिमंडळाने, ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती त्यांना जुन्या योजनेचा विकल्प दिला. सुमारे २६ हजार जणांचा प्रश्न सुटला. त्यांचे अभिनंदनच आहे. पुढच्या मोर्चाला त्यांतील किती जण आले, ते मात्र आपापल्या तालुक्यात मोजून पाहावे. मागणी एकच असते तोवर गर्दी एक असते, आणि ती अशी तुकड्यांनी सुटू लागली की शेवटी रस्त्यावर उरतात ते आम्ही. नेत्यांना हे कळत नाही असे मला वाटत नाही. त्यांना दर अधिवेशनात काहीतरी सुटल्याचे सांगावे लागते आणि सुटायला सोपे असते ते आधी सुटते.

आणि हो, डीसीपीएसच्या काळातल्या आमच्या कपातीचा हिशेब अजून जुळलेला नाही. काही महिन्यांची कपात पगारपत्रकात दिसते आणि खात्यात दिसत नाही. यावर संप करावा लागत नाही, नुसता पाठपुरावा लागतो. तोही झालेला नाही. ज्या संघटनेला माझ्या कापलेल्या पैशांचा ठावठिकाणा लावता आला नाही, तिने माझ्या म्हातारपणाचा करार परस्पर करावा, हे मला पटत नाही.

---

पोटनियम

मूळ प्रश्न अधिकाराचा होता आणि चर्चा योजनेच्या गुणदोषांकडे गेली आहे, म्हणून थोडे कोरडे लिहितो.

कारखान्यातील कामगारांची संघटना व्यवस्थापनाशी करार करते तेव्हा त्या कराराला कायद्यात (पूर्वी औद्योगिक विवाद कायद्यात, नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेत) स्थान असते आणि तो मोडला तर दाद मागता येते. शिक्षक औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ए. सुंदरम्बाल विरुद्ध गोवा, दमण आणि दीव सरकार या खटल्यात १९८८ मध्येच सांगितले आहे. पुढे टी. के. रंगराजन विरुद्ध तमिळनाडू शासन या २००३ च्या निकालात सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत अधिकार नाही, असेही म्हटले गेले. या दोन निकालांचा व्यवहारातला अर्थ असा, की २० मार्चला जे झाले तो कायद्याच्या भाषेत करार नव्हताच. ती बैठक होती, आणि बैठकीतले आश्वासन शासन निर्णय निघेपर्यंत कोणालाच बांधत नाही. शासनाला बांधत नाही, तसे सभासदांनाही नाही. ‘आता आपण मान्य केले आहे, बोलता येणार नाही’ असे जर कोणी पदाधिकारी सांगत असतील, तर त्यास आधार नाही. मागणी आजही पूर्णपणे जिवंत आहे.

हाच मुद्दा नेत्यांच्या बाजूनेही वाचता येतो. ज्याच्या हाती बंधनकारक करार करण्याचे साधनच नाही, तो आश्वासन घेऊनच परतणार. त्यामुळे नेत्यांना विचारायचा प्रश्न ‘आश्वासनावर का परत आलात’ हा असू नये. लेखी इतिवृत्त का घेतले नाही, मुदत का घातली नाही आणि परत येण्यापूर्वी जिल्ह्यांना का विचारले नाही, हे तीन प्रश्न विचारावेत.

मागणी बदलण्याचा अधिकार कोणाला, याचे उत्तर आपल्या संघटनेच्या घटनेत आहे. ती छापील पुस्तिका मागून घ्या, आणि सरचिटणीसांकडे नसेल तर निबंधकांकडील प्रत मिळवा. आधी नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहा. शिक्षकांच्या पुष्कळ संघटना संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली आहेत, काही श्रमिक संघ अधिनियम, १९२६ खाली नोंदलेल्या आहेत, ज्याची जागा नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. दुसऱ्या प्रकारात मोडत असल्यास १९२६ च्या त्या कायद्याच्या कलम २० नुसार हिशेबाची पुस्तके आणि सभासदांची यादी तपासण्याचा हक्क सभासदाला होता, आणि पदाधिकारी कसे नेमायचे व कसे दूर करायचे याची तरतूद नियमांत असणे कलम ६ नुसार आवश्यक होते; आजची तरतूद संहितेत पाहा. ठरावीक संख्येने सभासदांनी लेखी मागणी केल्यास विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, अशी तरतूद बहुतेक घटनांत असते. ती संख्या आपल्याकडे किती आहे, ते पाहून सह्या गोळा कराव्यात.

वर्गणी मात्र थांबवू नका. थकबाकीदार सभासदाला मतदान करता येत नाही, हा नियम जवळपास सर्वत्र आहे. आपल्या तालुक्यातल्या वीस जणांनी रागाने वर्गणी थांबवली असेल, तर त्यांनी नेत्यांची वीस विरोधी मते स्वतःहून कमी करून दिली आहेत.

---

नेमणूक_२०१७

मी थोडे वेगळे मत नोंदवतो, कृपया गैरसमज नसावा. येथे सर्व जण असे गृहीत धरत आहेत, की सभासद एकमुखाने जुनी योजना मागतात आणि नेते ती विकून आले. मी २०१७ साली रुजू झालो. माझी अजून २९ वर्षे नोकरी आहे. १ एप्रिल २०१९ पासून शासनाचा वाटा १० वरून १४ टक्के झाला, माझे १० मिळून २४ टक्के रक्कम दरमहा माझ्या नावावर गुंतते, आणि निवृत्तीच्या वेळी त्यातील ६० टक्के एकरकमी हाती येतील. उरलेल्या ४० टक्क्यांच्या वार्षिकीवर, म्हणजे त्यातून मिळणाऱ्या निवृत्तिवेतनावर, महागाई भत्ता नसतो, हा तोटा मला ठाऊक आहे. तरीही पन्नास वर्षांनी राज्याच्या तिजोरीची अवस्था काय असेल यावर विसंबण्यापेक्षा माझ्या नावावरचा पैसा मला अधिक भरवशाचा वाटतो.

माझे म्हणणे चूक असू शकेल. पण २०२३ च्या संपापूर्वी मला विचारले गेले नाही, आणि सातवी_ब सरांना तो मागे घेताना विचारले गेले नाही. आमच्या दोघांच्या तक्रारी एकाच कपाटात ठेवण्यासारख्या आहेत. मी त्या सात दिवसांत संपावर होतो, कारण शाळेत एकटा बसणे शक्य नव्हते. सभेत हात वर करून ठराव होतो तेव्हा माझ्यासारखे लोकही हात वर करतात. गुप्त मतदान झाले असते तर आकडा काय आला असता, याचे उत्तर कोणत्याच गटाकडे नाही आणि कदाचित कोणाला ते नकोही आहे.

---

सातवी_ब

सर्वांचे आभार. इतक्या सविस्तर उत्तरांची अपेक्षा नव्हती.

निवृत्त सर, आपल्या त्या सहकाऱ्याच्या पत्नीविषयी वाचल्यावर ‘हाती काय आले, एवढेच’ हे माझे शब्द मला मागे घ्यावेसे वाटतात. पण संप सातव्या दिवशी थकलाच होता, हे मला मान्य नाही. आदल्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात उपमुख्यमंत्र्यांनी जुन्या योजनेने १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि ती देणार नाही, असे सांगितले होते. त्यानंतर दीड महिन्यात नागपूर शिक्षक मतदारसंघात सत्ताधाऱ्यांचा पाठिंबा असलेल्या उमेदवाराचा पराभव झाला आणि शासनाची भाषा बदलली. ज्या सरकारला आपल्या मतांची एवढी धास्ती वाटली होती, त्याच्याशी बोलताना आणखी चार दिवस थांबता आले असते की नाही, हे मला ठरवू द्यायला हवे होते. कदाचित मीही ‘थांबा’ असेच मत दिले असते. आपण म्हणता ती कुजबुज आमच्यापर्यंत पोहोचू दिली असती, तर आम्हीही तेवढे शहाणपण दाखवले असते. संपाच्या सात दिवसांची नोंद सेवापुस्तकात कशी घ्यायची यावर नंतर महिनाभर चर्चा करणारे आम्हीच होतो, तेव्हा परिणामांची जाणीव आम्हाला नव्हती असे नाही.

टप्पा_अनुदान मॅडम, आमच्या प्राथमिकच्या सभांत आपल्या प्रश्नाचा उल्लेख मी एकदाही ऐकलेला नाही आणि मीही कधी केला नाही. हे लिहिताना मान खाली जाते.

२०१७ च्या सरांशी मी योजनेच्या बाबतीत सहमत नाही. आज शासनाने वाटा १४ केला तो उद्या १० करू शकते, आणि बाजार पडलेल्या वर्षी निवृत्त होणाऱ्याने काय करायचे, हा प्रश्न उरतोच. पण गुप्त मतदानाची त्यांची सूचना मी आमच्या अर्जात घालणार आहे. निकाल माझ्या विरुद्ध गेला तरी चालेल.

पोटनियम सरांचे वाचून काल संध्याकाळी त्या वीस जणांपैकी चौदा जणांना भेटलो. अकरा जणांनी थकबाकी भरली, तिघे अजून रागात आहेत. आमच्या घटनेनुसार विशेष सभेसाठी एकूण सभासदांच्या एक पंचमांश सह्या लागतात. त्या होतील असे दिसते. अर्जात विषय कोणत्या शब्दांत मांडावा? ‘नेतृत्वावरील अविश्वास’ असे लिहावे, असा एका गटाचा आग्रह आहे.

---

पोटनियम

अविश्वास लिहू नका. तो विषय आला की सभा माणसांवर जाते, निवृत्त सरांसारखे लोक भावनेने नेत्यांच्या मागे उभे राहतात आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. ‘संप किंवा आंदोलन स्थगित करण्यापूर्वी, तसेच सर्वसाधारण सभेने संमत केलेल्या मागणीत बदल करण्यापूर्वी, प्रस्तावित तोडग्याचा लेखी मसुदा सर्व तालुका शाखांना पाठवून त्यावर गुप्त मतदानाने कौल घेणे बंधनकारक करण्यासाठी घटनेत दुरुस्ती करणे’ असा विषय ठेवा. घटनादुरुस्तीला बहुधा दोन तृतीयांश बहुमत लागेल, ते तपासा. मॅडमनी मांडलेला डीसीपीएसच्या हिशेबाचा मुद्दा खासगी शाळांपुरता नाही, तुमच्याकडेही असे खातेदार सापडतील. तो दुसरा विषय म्हणून घ्या, त्यावर तरी कोणी विरोधात मत देणार नाही. अर्ज दोन प्रतींत करून एका प्रतीवर पोहोच घ्या.

---

निवृत्त_हेडमास्तर

सर, आणखी एक सुचवतो. सभेपूर्वी मार्च २०२३ मधील कार्यकारिणीच्या बैठकीचे इतिवृत्त वाचायला मागा. आमच्या वेळी ती वही सरचिटणीसांकडे नसून कोषाध्यक्षांच्या घरी असायची, तुमच्याकडेही तसेच असण्याची शक्यता आहे. संप मागे घेण्याविषयी तीत एखादी ओळ असेल, तर ती कोणत्या तारखेला लिहिलेली आहे ते आधी पाहा.